एचआयव्ही प्रतिबंध आणि संस्थांची बांधणी

एखादा रोग आटोक्यात आणावयाचा म्हटला म्हणजे औषध, डॉक्टर आणि दवाखाना या तीन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. १९८६ साली मद्रास येथे भारतातील पहिल्या एचआयव्ही संसर्गाची नोंद झाली, तेव्हा या रोगावर परिणामकारक औषधच नव्हते. प्रतिबंध हाच काय तो उपाय हाती होता. ज्यांच्यापर्यंत पोहोचणे सर्वांत निकडीचे, त्या देहविक्रय करणाऱ्या महिला मात्र शासकीय यंत्रणेपासून शक्य तितक्या दूर राहणाऱ्या होत्या.

१९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलर्सच्या कर्जसाहाय्याने पहिला राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. रक्तपेढ्यांतील रक्ताची तपासणी, भित्तिपत्रके यांसारखी कामे आरोग्य खात्याच्या आवाक्यातील होती. वस्तीत जाऊन विश्वास संपादन करण्याचे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपविणे क्रमप्राप्त होते. परंतु तळमळ असलेल्या संस्थेस हिशेब ठेवता येतोच असे नाही, आणि चोख हिशेब ठेवणाऱ्या संस्थेस वस्तीत कोणी दारात उभे करील, याचीही खात्री नसते. क्षमताबांधणीचा प्रश्न नेमका येथे उद्भवतो.

याचे बोलके उदाहरण कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीतील आहे. तेथे १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी वस्तीतील महिलांनाच शिक्षिका म्हणून तयार केले. निरोधचा वापर त्यावेळी शेकडा ३ च्या घरात होता; १९९८ पर्यंत तो शेकडा ९० च्या आसपास गेला. हा बदल केवळ उपदेशाने घडलेला नाही. कर्जात बुडालेली स्त्री गिऱ्हाइकास नकार देऊ शकत नाही, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानी आले आणि १९९५ साली ‘उषा’ ही महिलांची स्वतःची सहकारी पतसंस्था उभी राहिली. नोंदणीच्या वेळी सदस्यांच्या ‘चारित्र्या’ची अट आडवी आली. व्यवसायाच्या जागी ‘गृहिणी’ असे लिहावे, अशी सूचनाही झाली. महिलांनी ती नाकारली आणि अखेर नियमच बदलावा लागला. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या आपल्या राज्याने ही हकीकत अवश्य लक्षात घ्यावी. त्याच सुमारास सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही महिलांची स्वतंत्र संघटना आकारास आली.

२००७ पासूनच्या तिसऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाने या अनुभवांना व्यवस्थेचे रूप दिले. साधारणतः ६० महिलांमागे त्यांच्यातीलच एक शिक्षिका, काही शिक्षिकांमागे एक क्षेत्रीय कार्यकर्ता, त्यांवर प्रकल्प व्यवस्थापक अशी रचना ठरली. शिक्षिकेने आपल्या महिलांची यादी करावयाची, कोणास आठवड्यास किती निरोध लागतील याचा अंदाज बांधावयाचा, प्रत्यक्ष किती पोहोचले ते नोंदवावयाचे आणि तपासणीस कोण आले नाही ते पाहावयाचे. लिहितावाचता न येणाऱ्या शिक्षिकांसाठी चित्रांचे तक्ते योजण्यात आले. तक्ता तिचा स्वतःचा असल्यामुळे पुढील आठवड्यात कोणाच्या दारी जावयाचे, हे ती स्वतः ठरवू लागली. वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावयाचे विवरणपत्र यातूनच तयार होई, हा त्याचा दुय्यम लाभ. अनेक ठिकाणी मात्र विवरणपत्रासाठीच नोंदी ठेवण्याची प्रथा पडते, हे कार्यालयात काम करणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

बाहेरच्या निधीवर उभे राहिलेले काम निधी संपल्यावर टिकेल काय, याची कसोटी ‘आवाहन’ प्रकल्पात लागली. गेट्स प्रतिष्ठानाने २००३ साली महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केलेला हा उपक्रम २००९ ते २०१२ या काळात तीन टप्प्यांत शासनाकडे सोपविण्यात आला. प्रथम थोडे प्रकल्प व अखेरीस बहुसंख्य, असा क्रम ठेवल्यामुळे आधीच्या चुका पुढे सुधारता आल्या. संस्थांची अंदाजपत्रके हस्तांतरापूर्वीच शासकीय दरांशी जुळवून घेण्यात आली. सेवा बहुतांशी टिकल्या. महिलांच्या संघटनासाठी मोकळेपणाने खर्च करण्याची सवलत मात्र आकुंचित झाली, आणि माझ्या मते ही हानी लहान नाही, कारण सोनागाछीत निरोधचा वापर वाढला तो याच संघटनाच्या बळावर.

गुप्ततेचा मुद्दा येथे टाळता येणार नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार व्यक्तीच्या संमतीवाचून तिची स्थिती उघड करता येत नाही. कायद्याने सांगितलेले अपवाद मोजके आहेत. शंभर वा अधिक व्यक्ती असलेल्या प्रत्येक आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या आस्थापनेत वीस व्यक्ती असल्या तरी, तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक आहे. नोंदवही कोणाच्या कपाटात राहते, किल्ली कोणाकडे असते आणि कार्यकर्ता नोकरी सोडून गेल्यावर ती परत घेतली जाते काय, हे तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने खर्चाच्या पावत्यांआधी विचारावे. गावात एकदा फुटलेले नाव पुन्हा झाकता येत नाही आणि त्यानंतर त्या वस्तीतून चाचणीस कोणी येत नाही.