अमानतीचा हिशेब मागणारा खासदार

निवडणूक आली की मोहल्ल्यातून उमेदवाराकडे मागण्यांची यादी जाते. कब्रस्तानची संरक्षक भिंत, मशिदीपुढचा रस्ता, गटार, शाळेची वाढीव खोली. निवडून आल्यावर तो निकाहला आला का, मय्यतीला दिसला का, रमजानमध्ये इफ्तार ठेवला का, यावर त्याची परीक्षा होते. ही कामे वाईट नाहीत. पण आमदार-खासदाराला आपण सभागृहात पाठवतो ते मुख्यतः दोन कामांसाठी: कायदे करणे आणि सरकारला जाब विचारणे. पहिले काम आपल्याला ठाऊक असते, दुसऱ्याचा आपल्याला विसर पडतो. हे दुसरे काम एका खासदाराने चोख केले तेव्हा काय घडले, त्याची ही हकिकत आहे.

विमेदारांचा पैसा

जानेवारी १९५६ मध्ये केंद्र सरकारने आयुर्विम्याचा धंदा आपल्या ताब्यात घेतला. त्याची घोषणा तेव्हाचे अर्थमंत्री, आपल्या रायगडचे सी. डी. देशमुख यांनी आकाशवाणीवरून केली. २४५ विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. विम्याबाबत शरीअतचे म्हणणे काय, हा वेगळा विषय आहे आणि उलमा त्यावर बोलतात. इथे मुद्दा इतकाच की लाखो कारकून, शिक्षक, कामगार यांनी आपल्या मागे बायकामुलांचे हाल होऊ नयेत म्हणून जमा केलेला हा पैसा होता. महामंडळाकडे तो अमानत होता.

वर्ष पुरे होण्याआधीच, जून १९५७ मध्ये, महामंडळाने कोलकात्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास ही त्यांतलीच एक. मुंदडा तेव्हा पैशाच्या अडचणीत होते. पैसा कुठे गुंतवायचा हे ठरवण्यासाठी महामंडळाची एक समिती होती, पण व्यवहार करण्याआधी तिचा सल्लाच घेतला गेला नाही.

सत्ताधारी बाकावरून प्रश्न

लोकसभेत प्रश्न विचारले गेले तेव्हा सरकारकडून मोघम उत्तरे आली. १६ डिसेंबर १९५७ रोजी रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. ते विरोधी पक्षाचे नव्हते. सत्ताधारी काँग्रेसचे होते आणि पंतप्रधान पंडित नेहरूंचे जावई होते. गप्प बसायला त्यांच्याजवळ दोन्ही कारणे होती, पक्षाचे आणि घरचे.

त्यांच्या भाषणाचे बळ आवाजात नव्हते, तयारीत होते. कोणत्या दिवशी कोणत्या कंपनीचा शेअर बाजारात काय भावाने विकला जात होता आणि महामंडळाने काय भावाने घेतला, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. व्यवहार कोणाच्या सांगण्यावरून झाला, असा त्यांचा सवाल होता. आरोप हवेत केला असता तर त्याला उत्तरही हवेतच मिळाले असते. कागद समोर ठेवल्यावर सरकारला चौकशी टाळता आली नाही.

मुंबईतली उघडी चौकशी

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. मुंबईच्या खोजा घराण्यातले छागला १९४७ पासून त्या पदावर होते. त्यांनी सुनावणी बंद दाराआड घेतली नाही. मुंबईत, जनतेसमोर, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, अर्थखात्याचे सचिव एच. एम. पटेल आणि महामंडळाचे अधिकारी यांच्या साक्षी झाल्या. ऐकायला लोकांनी गर्दी केली. एका महिन्याच्या आत अहवाल तयार झाला.

व्यवहार आपल्या माहितीने झाला नाही, सचिवाने तो परस्पर केला, असे अर्थमंत्र्यांचे म्हणणे होते. छागलांनी निर्वाळा दिला की खात्याच्या कारभाराची जबाबदारी मंत्र्याची आहे आणि सचिवाच्या कृतीमागे लपून त्याला सुटता येणार नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

यापुढचेही सांगायला हवे. कृष्णम्माचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. एका चौकशीने भ्रष्टाचार संपत नाही. पण मंत्र्याला भर सुनावणीत सामान्य साक्षीदारासारखे उत्तर द्यावे लागते, हे देशाने पाहिले. प्रश्न विचारणे वाया जात नाही, ते असे.

फिरोज गांधींचे आणखी एक काम आहे. तेव्हा खासदाराला सभागृहात बोलायला संरक्षण होते, पण तेच भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्रावर खटला होऊ शकत होता. त्यांनी खासगी विधेयक मांडले आणि १९५६ मध्ये संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापण्याला संरक्षण देणारा कायदा झाला. आणीबाणीत तो रद्द केला गेला, १९७७ मध्ये परत आला आणि पुढे त्याला राज्यघटनेतही जागा मिळाली. सभागृहातला प्रश्न घराघरांत पोहोचला नाही तर त्याची धार अर्धी होते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या आमदाराच्या हाती काय आहे?

हीच साधने आज आपल्या विधानसभेतल्या २८८ आणि विधान परिषदेतल्या ७८ सदस्यांकडे आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देता येते. महालेखापाल सरकारी खर्च तपासून अहवाल देतात. तो विधिमंडळापुढे येतो आणि लोकलेखा समिती त्यावरून अधिकाऱ्यांना बोलावून विचारणा करते. शिष्यवृत्तीची रक्कम कुठे अडली, वसतिगृहासाठी मंजूर झालेले पैसे कशावर गेले, शाळेच्या पोषण आहाराचे कंत्राट कोणत्या अटींवर दिले, हे सगळे या वाटांनी विचारता येते.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. हजरत उमर (रजि.) यांची रिवायत आपल्या घरात मुलांनाही माहीत असते. सर्वांच्या वाट्याला सारखे कापड आले असताना खलिफांचा अंगरखा त्यात कसा झाला, असा सवाल एका सामान्य माणसाने भर सभेत केला. खलिफांनी त्याला गप्प बसवले नाही. आपला वाटा आपण वडिलांना दिला, अशी साक्ष मुलगा अब्दुल्लाह यांनी दिल्यावरच पुढचे बोलणे झाले. विचारणारा बेअदब ठरला नाही आणि हिशेब दिल्याने खलिफांचा मान कमी झाला नाही. सार्वजनिक पैसा अमानत मानला की जाब विचारणे आपोआप येते. आणि खयानत करणारा आपल्या पक्षाचा, आपल्या जातीचा किंवा आपल्याच कौमचा असला, तरी ती खयानतच असते.

म्हणून पुढच्या वेळी आमदार किंवा खासदार मोहल्ल्यात आले की त्यांना चहा जरूर द्यावा आणि सोबत दोन गोष्टी विचाराव्यात: गेल्या अधिवेशनात आपण कोणते प्रश्न विचारले, आणि त्यांना काय उत्तर मिळाले? आपल्याकडे एखाद्या कामातल्या गैरव्यवहाराचा कागद असेल, माहिती अधिकारात मिळालेले उत्तर असेल, तर त्याची प्रत त्यांच्या हाती द्यावी आणि पोच घ्यावी. फिरोज गांधींनाही आकडे कोणाकडून तरी मिळालेच असतील. आपण फक्त भिंत आणि गटार मागत राहिलो, तर आपला प्रतिनिधी तेवढेच देत राहील. त्याच्याकडून प्रश्नाची अपेक्षा करणारे मतदार वाढले, तर त्यालाही अभ्यास करून सभागृहात उभे राहावे लागेल.