झाडावरची गुणी पाहुणी

दोस्तांनो, आंब्यावरचं बांडगूळ सोलापुरात पाहिलंय ना? ते झाडाचाच रस शोषतं. पण आंबोलीच्या धुक्यातली ‘सीतेची वेणी’ झाडाकडे मागते फक्त जागा! ही एक आमरी, म्हणजेच ऑर्किड. मे-जूनच्या सुमारास हिचे पांढरे-जांभळे घोस लोंबतात. आसामात बिहूला मुली हीच फुलं केसांत माळतात.

हिच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पावसाचं पाणी ते चटकन टिपतं. बी मात्र धुळीसारखं बारीक, त्यात शिदोरीच नाही! योग्य बुरशीची साथ मिळाली, तरच ते रुजतं. मग फुलं यायला कित्येक वर्षं!

म्हणून सहलीत ही वेणी दिसली, तर डोळे भरून पाहा; उपटून आणू नका. आंबोलीचं धुकं पिशवीतून सोलापूरला थोडंच आणता येतं?