‘गोंदिया’ची लांबी किती?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्याच सुमारास विदर्भातल्या लहान शहरांत संगणक क्लासचे पेव फुटले होते. तेव्हा प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या मुलाला आणि आज बसलेल्या मुलीला एकच प्रश्न विचारला, की आपल्या जिल्ह्याच्या नावाची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, किती लांबीची आहे, तर उत्तरे निराळी येतील आणि दोन्ही बरोबर असतील. या पंचवीस वर्षांत ‘गोंदिया’ची लांबी सहा, आठ, एकवीस, सात आणि तीन अशी पाच तऱ्हांनी भरली. नवशिक्यांचे स्ट्रिंगशी नाते कसे बदलत गेले, ते या आकड्यांतून दिसते.

पहिला आकडा सहा. नागपूर विद्यापीठाचे बीसीसीए असो, बीएस्सी असो की बारावीचे बायफोकल, प्रॅक्टिकलला निळ्या पडद्याचे टर्बो सी असे. जर्नलमधले प्रोग्रॅम ठरलेले: शब्दाची लांबी काढा, शब्द उलटा करा, स्वर मोजा, लहान लिपीतली अक्षरे मोठ्या लिपीत न्या. देवनागरी दाखवणारे जिस्ट कार्ड पुण्याच्या सी-डॅकने काढले होते, पण शिकणाऱ्याच्या यंत्रात ते नसे. त्यामुळे मुले आपल्या गावाचे नाव रोमनमध्येच टाकत आणि लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ सहा हे उत्तर देई. कुणी ‘य’साठी ‘वाय’ जोडला की सात. मग तुलना करणारे ‘स्ट्रकॉम्प’ सांगे, ही दोन गावे वेगळी आहेत.

तरी त्या काळच्या धड्यांना हा जिल्हा छान उपयोगी पडला असता. गोंदिया जंक्शनचा स्टेशन कोड ‘जी’ हे एकच रोमन अक्षर आहे. सी भाषेत ते एकेरी अवतरणात लिहून एका अक्षराच्या चलात ठेवले तर एक बाइट, दुहेरी अवतरणात लिहिले तर दोन, कारण स्ट्रिंग कुठे संपते ते सांगणारा शून्य शेवटी बसतो. मजकूर वाचून घेणाऱ्या ‘स्कॅनएफ’ला ‘सडक अर्जुनी’ हे तालुक्याचे नाव दिले की हाती फक्त ‘सडक’ लागते, कारण मोकळी जागा दिसताच ते वाचणे थांबवते. त्यावर उपाय म्हणून ‘गेट्स’ शिकवले जाई. ते पूर्ण ओळ घेई, पण जागा किती आहे हे बघत नसे. दहा घरांच्या जागेत रोमनमधले ‘अर्जुनी मोरगाव’ टाकले, तर मधल्या मोकळ्या जागेसह चौदा अक्षरे आणि वर एक शून्य अशी पंधरा घरे भरत, म्हणजे शेजारच्या स्मृतीत शिरकाव. या धोक्यापायी २०११ च्या सी प्रमाणातून ‘गेट्स’ काढून टाकण्यात आले. शब्द उलटवणारे ‘स्ट्ररेव्ह’ तर प्रमाण सी भाषेत नव्हतेच. टर्बो सी सोडून लिनक्सवर गेलेल्या मुलांना ते तिथे सापडले नाही.

क्लासमध्ये प्रोग्रॅम रोमनमध्ये चालत असताना बाहेर, डीटीपीच्या दुकानांत आणि कार्यालयांत, मराठी टाइप होतच होती, ती कृतिदेवसारख्या फॉन्टांत. तिथला आकडा आठ. कृतिदेवात पडद्यावर ‘गोंदिया’ दिसले, तरी फाइलमध्ये रोमन कीबोर्डावरची आठ चिन्हे असतात. ‘दि’ची वेलांटी ‘द’च्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते आधी. आणि ‘य’ बसलेला असतो अर्धविरामाच्या कळीवर. सी शिकणाऱ्याच्या दृष्टीने याहून खोडकर जागा नाही, कारण त्या भाषेत अर्धविराम म्हणजे विधानाचा शेवट. अर्धविरामावर मजकूर तोडणारा साधा प्रोग्रॅम अशा यादीवर चालवला, तर गोंदियाचे दोन तुकडे होतात आणि ‘य’ नाहीसा होतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की निव्वळ कचरा दिसे. शोधा, क्रम लावा, तुलना करा, ही स्ट्रिंगची तिन्ही मूलभूत कामे या मजकुरावर धड होत नसत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक तालुक्यांत नेला, तरी जुन्या फॉन्टांतल्या फायली सहजासहजी हटल्या नाहीत.

यातून सुटका केली ती प्रत्येक लिपीच्या चिन्हाला स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाने. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातला देवनागरीचा विभाग इस्की या भारतीय प्रमाणाच्या मांडणीवर बेतलेला. नेहमीच्या वापरात तो आला विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर, र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगल फॉन्टमधून. आता ‘दि’मध्ये आधी ‘द’ आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. मराठीची काही मागणी मात्र उशिरा पूर्ण झाली. ‘ॲप’मधला ‘ॲ’ स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ साली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पायथन या भाषेची तिसरी आवृत्ती, पायथन ३, आली आणि नवशिक्यांच्या उत्तरात मोठा फरक पडला. यूटीएफ-८ या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पायथन २ मधली साधी स्ट्रिंग बाइट मोजत असल्याने ‘गोंदिया’ची लांबी एकवीस येई. पायथन ३ चिन्हे मोजते: ग, ओकार, अनुस्वार, द, वेलांटी, य, काना, एकूण सात. एकवीसचा आकडा अजून मेलेला नाही. ओरॅकल डेटाबेसमध्ये वीस रुंदीचा रकाना केला तर मूळ मांडणीत ते वीस बाइट असतात आणि सहा रोमन अक्षरांत मावणारे जिल्ह्याचे नाव देवनागरीत त्या रकान्यात मावत नाही. मोबाइलच्या एसएमएसचीही तीच गत: रोमनमध्ये १६० अक्षरे, मराठीत ७०.

सात हे उत्तर तरी वाचणाऱ्याचे कुठे आहे? शाळेतल्या पोराला विचारा, ते गों-दि-या म्हणत तीन बोटे मोडेल. जर्नलमधला ‘शब्द उलटा करा’ हा प्रोग्रॅम सात चिन्हांवर चालवला, की सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबणारा काना येतो, मग ‘यि’, पुढे अनुस्वारासह ‘द’, पुन्हा एक अनाथ ओकार आणि शेवटी ‘ग’. ‘रामाला भाला मारा’ हे उलटसुलट सारखेच वाचता येते, हे मराठी मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. पण चिन्हे उलटवणारा प्रोग्रॅम मोकळ्या जागा काढून टाकल्यावरही नाही म्हणतो, कारण उलटताना काना आपल्या व्यंजनाच्या पुढे जाऊन बसतो. येथे आधी अक्षरे वेगळी काढावी लागतात आणि मग ती उलटवावी लागतात.

अक्षर म्हणजे काय, यावर युनिकोडचेही मत उशिरा बदलले. ‘अर्जुनी’चे पूर्वी अ, र्, जु, नी असे चार गट पडत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम आला आणि तीन झाले. जुनी लायब्ररी असलेल्या यंत्रावर अजून चारच येतात. क्रमवारीचेही तसेच. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण संकेतांक पाहून लावलेल्या यादीत तो ‘ल’ला चिकटतो. त्यामुळे आडनावांच्या यादीत ‘येवले’च्या मागे हवे असलेले ‘येळे’ पुढे जाऊन बसतात.

याच मुलखातून आणखी एक कसोटी आली. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. २०१७ साली ती ‘मसराम गोंडी’ या नावाने युनिकोडमध्ये दाखल झाली. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला जमणाऱ्या गोंड समाजाला ही लिपी परकी नाही. तिची चिन्हे देवनागरीसारखी पहिल्या पासष्ट हजारांत नाहीत. म्हणून यूटीएफ-८ मध्ये एकेक चिन्ह चार बाइटांचे होते आणि जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ती दोन सांगते. ‘एक चिन्ह, लांबी एक’ हे देवनागरीपुरते तरी जुळलेले गणितही इथे मोडते.

हा सारा प्रवास पाहिला की एक गोष्ट ठळक होते. अवघड गोष्टी नंतर शिकवू म्हणून आपण पहिला धडा रोमनमध्ये ठेवला आणि ती ‘नंतर’ची वेळ बहुतेकांवर थेट नोकरीत आली. सातबाऱ्यावरचे मराठी नाव आणि पासबुकातले रोमन नाव जुळवताना ‘रहांगडाले’ हे आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, तेव्हा त्यांना कळते की तुलना ही बरोबर-चूक इतकी सरळ नसते.

वास्तविक पहिल्या धड्याला लागणारे सगळे साहित्य आठ तालुक्यांच्या नावांत आहे. ‘गो’ने सुरू होणारी दोन, ‘गाव’ने संपणारी तीन, ‘अर्जुनी’ शोधली तर सापडणारी दोन. ‘सडक अर्जुनी’त मोकळी जागा, कुणी तिथे जोडरेघ देतो तो वेगळा प्रश्न, रफार आहे, ‘गोंदिया’त अनुस्वार आहे. क्रम लावला तर आठही नावे बिनचूक बसतात, कारण त्यांत एकही ‘ळ’ नाही. म्हणून याच यादीत लगेच गावातली आडनावे घालून प्रोग्रॅम पुन्हा चालवून घ्यावा आणि लांबी विचारताना बाइट, चिन्ह की अक्षर हे प्रश्नातच लिहावे. हे सगळे पहिल्या आठवड्यात जमण्यासारखे आहे.