आकडा १०० दाखवतोय, पण श्वास कुठाय? : ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, थोडे राहिले असतील.

विषय कुठून सुरू झाला ते आधी सांगतो. मागच्या वर्षी आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं, दुर्बिणीतून करतात ते. सकाळी नऊची वेळ. रात्रीपासून पोटात काही नको, असं बजावून सांगितलेलं. मी साडेपाचला उठलो तर आई ओट्यापाशी उभी राहून कपभर चहा संपवत होती. दुधाचा. "अरे, रोजचाच चहा, त्याने काय होतंय?" मावशी म्हणाली, डॉक्टरांना सांगू नकोस, उगाच तारीख पुढे जाईल. आणि खरं सांगतो, पाच मिनिटं मलाही ते पटलं होतं. रजा त्याच दिवसाची मिळाली होती.

शेवटी भूलतज्ज्ञ मॅडमना सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत. घड्याळ बघितलं आणि ऑपरेशन दुपारी घेतलं. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा हलक्या जेवणासारखा धरतात, म्हणजे किमान ६ तास. कारण भूल दिल्यावर ठसका लागणं, खोकणं हे सगळं बंद पडतं. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकतं.

मला तोपर्यंत वाटायचं की भूल म्हणजे एक इंजेक्शन, पेशंट झोपला, भूलतज्ज्ञांचं काम संपलं. प्रकरण बरंच वेगळं आहे. मोठ्या ऑपरेशनला झोपेचं औषध वेगळं, वेदना थांबवणारं वेगळं आणि बऱ्याचदा स्नायू सैल करणारं तिसरं. हे तिसरं श्वासाचे स्नायूही थांबवतं. म्हणजे त्या क्षणापासून माणूस स्वतः श्वास घेत नसतो. घशातून श्वासनळीत एक नळी घालतात आणि श्वास मशीन देतं. आता मशीनवर चाललेला हा श्वास खरंच फुप्फुसात पोचतोय, हे कळणार कसं?

इथे येतो मॉनिटर. त्यातला एक भाग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर. त्यातून बोटात दोन प्रकारचा प्रकाश सोडतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, इन्फ्रारेड जास्त. पण बोटात रक्ताशिवाय कातडी आहे, हाड आहे. त्यांचा हिशोब कसा काढायचा? जपानमधले इंजिनिअर ताकुओ आओयागी हे खरं तर वेगळ्याच मोजमापावर काम करत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा सिग्नल बिघडत होता. तो नॉईज काढायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर जेवढं हलतं, तेवढंच धमनीतलं रक्त. म्हणजे नॉईज हाच सिग्नल! हे १९७४च्या सुमाराचं. (इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट इतकी आवडली की ऑफिसात तिघांना तरी पकडून सांगितली.)

थिएटरमधला ऑक्सिमीटर नुसता आकडा दाखवत नाही, प्रत्येक ठोक्याला टूं-टूं वाजतो. ऑक्सिजन उतरला की त्याचा सूरही उतरतो. म्हणजे भूलतज्ज्ञ सलाईनकडे बघत असले तरी कान मॉनिटरवर असतो. अलार्म वाजायच्या आधीच त्यांची मान वळलेली असते.

पण या आकड्यात एक गोची आहे. नळी घालायच्या आधी काही मिनिटं मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात, त्यामुळे फुप्फुसात साठा होतो. त्यानंतर धडधाकट माणसाचा श्वास पूर्ण थांबला तरी आकडा कित्येक मिनिटं ९८-९९ राहू शकतो. लठ्ठ माणसं, गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यात हा वेळ खूप कमी मिळतो. साठा संपला आणि आकडा ९०च्या खाली गेला की मग मात्र तो धडाधड कोसळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ही कॅश केलेली व्हॅल्यू आहे. सर्व्हर कधीच पडलाय आणि डॅशबोर्ड अजून हिरवा.

श्वासनळी आणि अन्ननलिका एकमेकींना खेटून असतात. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर हवा पोटात जाणार, फुप्फुसाला काहीच नाही, आणि ऑक्सिमीटर सुरुवातीला खुशाल १०० दाखवणार. हे पटकन पकडतो तो कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा भाग. तो वायू शरीरात तयार होतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासात बाहेर पडतो. म्हणून नळी बरोबर जागी असेल तर प्रत्येक श्वासाला पडद्यावर एक लाट उमटते, साधारण ३५ ते ४५च्या उंचीची. रेघ सपाट दिसली तर आधी नळी चुकीच्या जागी आहे असंच धरायचं. ही लाट चालू ऑपरेशनमध्ये एकदम खाली आली तर कुठेतरी नळी सुटली असेल, किंवा हृदयाकडून फुप्फुसात पुरेसं रक्तच जात नसेल.

आणि गंमत म्हणजे आईसारख्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइडच वापरतात. त्यातला काही रक्तात शोषला जातो, त्यामुळे आकडा वर चढतो. मग भूलतज्ज्ञ मशीनचे श्वास वाढवून तो खाली आणतात. म्हणजे नुसता आकडा बघून भागत नाही, आत्ता सर्जन काय करतोय हेही माहीत असावं लागतं.

म्हणूनच १९८६मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मॉनिटरिंगचे नियम केले, तेव्हा पहिला नियम मशीनबद्दल नव्हता. भूल चालू असताना प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ त्याच खोलीत हवा, हा पहिला नियम. ऑक्सिजन, श्वास, रक्ताभिसरण आणि तापमान हे दुसऱ्यात. त्यातच, ब्लडप्रेशर निदान दर ५ मिनिटांनी.

माणूस हजर असूनही गडबड होऊ शकते. २००५मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली या ३७ वर्षांच्या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेल्या. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मिळेना. मॉनिटर चालू होता, ऑक्सिजन धोकादायक पातळीला गेलेला दिसत होता. अनुभवी डॉक्टर हजर होते. पण सगळे नळी घालण्याच्या प्रयत्नातच अडकून राहिले. एका नर्सने गळ्यातून श्वासाचा मार्ग करायचं सामान आणून ठेवलं, तसं सांगितलंही. ते कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही. १३ दिवसांनी एलेन गेल्या. त्यांचे पती मार्टिन हे विमानाचे पायलट. कुणाला शिक्षा व्हावी यामागे ते लागले नाहीत. कॉकपिटमध्ये ज्युनिअरने बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं याचं ट्रेनिंग असतं, ते थिएटरमध्ये का नाही, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. आज ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत नळीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे. तीन, आणि फार तर चौथा जास्त अनुभवी हाताने. मग थांबायचं, मार्ग बदलायचा.

आपल्या हातात काय, तर आदल्या तपासणीत खरं सांगणं. त्यात "तोंड उघडा" म्हणतात, उघडलेल्या तोंडात आपली तीन बोटं मावतात का बघतात. गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आवळत जातं, मग नळी घालणं अवघड होतं. आधी कळलं तर वेगळी तयारी करता येते, टेबलावर कळलं तर धावपळ. हलणारा दात सांगा, घोरणं सांगा, रक्त पातळ करायची गोळी सांगा. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तेही. दादा, सिगरेट ओढत असशील तर आईबाबांना बाहेर पाठवून सांग, पण सांग. नेलपॉलिश आणि गडद मेंदीने बोटावरचं रीडिंग गडबडू शकतं, त्यामुळे लग्नसराईतल्या ताईंनी तारीख बघून घ्या.

आई साडेतीनच्या सुमाराला बाहेर आली. पूर्ण शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "मॅडम रागावल्या का रे?"

तुमच्या घरात कुणी भूलतज्ज्ञ असतील तर त्यांना हा एपिसोड ऐकवा, आणि मी कुठे चुकलो ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात लावतो.