सड्यावरील दुर्मिळ वनस्पती : रक्षणाचा खर्च कोणी सोसावा ?

सह्याद्रीच्या माथ्यावर व कोकणपट्टीत जांभ्या दगडाचे जे विस्तीर्ण सडे आहेत, त्यांवर नांगर चालत नाही व मातीचा थर बोटभरही नसतो. म्हणून धन्याच्या लेखी ती पडीक जमीनच होय. परंतु मृगाचा पाऊस पडताच ह्याच खडकाच्या खळग्यांत व भेगांत अशा वनस्पती उगवतात की, त्यांतील कित्येक ह्या प्रदेशाबाहेर जगात कोठेही आढळत नाहीत. साताऱ्याच्या नावाने शास्त्रात नोंदलेला वायतुरा व रत्नागिरीकडील सड्यांवर फुलणारी पांढरी दीपकाडी ही त्यांचीच उदाहरणे होत. त्यांचे कंद वर्षाचा बराच काळ जमिनीत निजून असतात, आणि पावसाळ्यातील थोडक्या दिवसांत फुलून व बी धरून पुन्हा निजतात.

कंद उपटून बागेत लावल्याने ह्या वनस्पतींचे रक्षण होत नाही. खडकावर पाणी किती दिवस साचते, मातीचा थर किती पातळ आहे, गुरे केव्हा व किती चरतात, ह्या सर्वांवर त्यांचे जीवित अवलंबून असते. कासच्या पठारावर गर्दी आवरण्यासाठी घातलेले जाळीचे कुंपण 2022 साली काढण्यात आले. गुरांची चराई थांबल्याने गवत माजते व फुले कमी होतात, अशी तक्रार होती. तात्पर्य, जागा राखली तरच वनस्पती राहते. आणि जागा राखण्यास केवळ कुंपण पुरत नाही, राखणारा माणूस लागतो.

आता पैशाचा प्रश्न पाहू. चिऱ्याच्या खाणीस सडा दिला तर धन्यास रोख रक्कम मिळते. सुरुंग लावून खड्डे पाडले व बाहेरून माती आणून भरली, तर तेथे हापूसची बाग उभी राहते. सडा आहे तसा राखला तर मात्र काहीच हाती येत नाही. अशा स्थितीत जो शेतकरी सडा विकतो, त्यास दोष देणे न्यायाचे नाही. ज्या ठेव्याचा लाभ सर्वांचा, त्याचा भार एकट्या धन्यावर असू नये.

हा भार वाटून घेण्याचे काही मार्ग आज उपलब्ध आहेत. पहिला कासचा. तेथील कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांतील ग्रामस्थांची समिती फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेते व त्यातून राखणदार, वाटाडे व स्वच्छता यांचा खर्च भागतो. परंतु प्रत्येक सड्यावर प्रेक्षक येणार नाहीत, व येऊही नयेत. कारण पायदळी तुडवूनही सडा नासतो.

दुसरा मार्ग कायद्याचा. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 43 अन्वये स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने नोंदवही पुरी करून त्यात सड्याचा उल्लेख केला, म्हणजे मागणीस आधार मिळतो. सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाची राई ग्रामस्थांनी देवाच्या नावे राखली होती. तीस 2021 साली जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. शिवाय 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम लोकोपयोगी कार्यास लावावी लागते. वनस्पतींचे रक्षण हे त्यांत मोडते.

तिसरा मार्ग कराराचा, व तोच आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ह्या संस्थेने संगमेश्वराकडे खासगी रानांच्या मालकांशी रान न तोडण्याचे करार करून त्यांस मोबदला दिला आहे. सड्यांसही हीच रीत लावता येईल. जमीन धन्याचीच राहावी. त्याने ती खणू नये, चराईची पूर्वापार रीत चालू ठेवावी, आणि त्याबद्दल दरवर्षी एकरी ठराविक रक्कम त्यास मिळावी. जमीन फोडल्यास रक्कम बंद व्हावी. एकदाच मिळालेले अनुदान खर्चून जाते, सडा मात्र दरवर्षी राखावा लागतो. म्हणून मोबदलाही वार्षिकच हवा.

ज्यांच्या सातबाऱ्यावर असा सडा आहे, त्या बंधूंनी खाणीच्या करारावर सही करण्यापूर्वी येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागाव्यात : सड्याची नोंदवहीत नोंद, आणि मोबदल्यासाठी निधीचे स्वतंत्र खाते. एकदा फोडलेला जांभा पुन्हा जुळत नाही. म्हणून ही मागणी सुरुंग लागण्यापूर्वीच झाली पाहिजे.