फाटकापलीकडची सायकल

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, म्हणजे मोंटाना, आयडाहो, कोलोरॅडो, ओरेगन या भागात, डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की कुठे ना कुठे लोखंडी फाटक आडवं येतं. पलीकडे रस्ता चांगला रुंद दिसतो. लाकूडतोडीच्या ट्रकांसाठी कधीकाळी खणलेला, आता मधोमध गवत वाढलेला. पण गाडीची हद्द फाटकापाशी संपते. माती वाहून जाऊ नये आणि एल्क या मोठ्या हरणांच्या कळपांना निवांतपणा मिळावा म्हणून वन खात्यानं मोटारींना तिथे बंदी घातलेली असते. पायी जायला मुभा, घोड्याला मुभा आणि बऱ्याच ठिकाणी सायकललाही. शिकारीत माउंटन बाइक आली ती या फाटकांमुळे.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जुन्या फोटोंत आणि कोर्टाच्या बातम्यांत उरली, आणि ते योग्यच झालं. तिकडे मात्र ती परवाना काढून, नेमून दिलेल्या हंगामात आणि नेमून दिलेल्या भागात करायची गोष्ट आहे. बहुतेक शिकारी ती मांसासाठी करतात. खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात, तर बऱ्याच राज्यांत तो गुन्हा ठरतो. सायकल निवडण्याशी या नियमाचा थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

या डोंगरांत बंदूक घेऊन सायकलवर फिरणारे आजचे शिकारी काही पहिले नव्हेत. १८९७ साली मोंटानातल्या फोर्ट मिझूलाहून अमेरिकी सैन्याच्या २५व्या पायदळाचे वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्याबरोबर सायकलवर निघाले आणि ४१ दिवसांत सुमारे १,९०० मैल तोडून सेंट लुइसला पोचले. रायफल, तंबू, शिधा सगळं बरोबर. सायकलला ना गिअर, ना सस्पेन्शन. वाटेत चिखल, बर्फ आणि तापलेली वाळू. आजच्या जाहिरातींतली ‘खास शिकारीची सायकल’ पाहताना मला या वीस जणांची आठवण होते आणि पाकिटाकडे गेलेला हात जरा थांबतो.

माउंटन बाइक जन्मली ती त्यानंतर ऐंशी वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत. १९७६ पासून तिथली काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर शर्यती लावत. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस ब्रेकच्या उष्णतेनं जळून जाई, ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीला नाव पडलं ‘रीपॅक’. त्यांच्यातल्या जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ दुकानांत आली.

आता निवडीचं. शिकारीच्या दिवसात सायकल नेमकी कुठे लागते हे आधी ठरवावं. ती फाटकापासून रस्ता संपेपर्यंत लागते. पुढे शिकारी पायीच जातो. तेव्हा दगडांवरून उड्या मारण्यासाठी बनवलेली, मागे-पुढे सस्पेन्शन असलेली महागडी सायकल इथे बहुतांशी वाया जाते. शिवाय मागच्या सस्पेन्शनमुळे फ्रेमच्या त्रिकोणात सामान बांधायला जागा उरत नाही, कॅरिअर बसवणं अवघड होतं, आणि चिखलात झिजणारे सांधे वाढतात ते वेगळंच. माझं मत हार्डटेलला आहे: पुढे सस्पेन्शनचा फोर्क, मागे सरळ फ्रेम, २९ इंची चाकं, सव्वादोन ते अडीच इंच रुंद टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि कॅरिअरसाठी भोकं असलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम. वजन तेरा-चौदा किलोच्या आसपास. चार इंची टायरची फॅट बाइक रुबाबदार दिसते आणि ताज्या बर्फात किंवा मोकळ्या वाळूत तिला तोड नाही. पण कठीण मातीच्या चढावर तीच चाकं पायांत गोळे आणतात. हंगाम बर्फातच असेल तरच ती घ्यावी.

गिअरच्या बाबतीत मोठ्या आकड्यांना भुलू नये, लहान गिअर पाहावा. पुढे ३० दात्यांची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी ५१ दात्यांची असेल, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.३५ मीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटरसुद्धा होत नाहीत. हा तर चालण्याचाच वेग! मग चढावर सायकल कशाला? एक तर सामानाचं वजन खांद्यावर न राहता चाकांवर जातं. दुसरं, रस्ता सपाट होताच वेग तिप्पट होतो. आणि परत येताना आठ किलोमीटरचा जो उतार पायी पावणेदोन-दोन तास खातो, तो अर्ध्या तासात संपतो.

मापाकडे दुर्लक्ष करून फक्त भाव पाहणारे पुढे गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जातात. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित, साधारण पंचवीस ते पस्तीस अंश वाकलेला राहावा एवढी सीट उंच हवी. पाठीवर पिशवी आणि बंदूक असताना मात्र उतारावर सीट खाली गेलेली बरी. त्यासाठी बटणावर खाली-वर होणारी सीटपोस्ट मिळते. एरवी मला असली चोचलेबाजी आवडत नाही, पण हिचे पैसे वसूल होतात.

आवाजाचं प्रकरण दुकानदार सांगत नाही. पॅडल थांबवलं की मागच्या हबमधून जो टर्रर्र आवाज येतो तो पहाटेच्या शांततेत लांबवर जातो. जाणते लोक कमी आवाजाचा हब शोधतात, हबमध्ये योग्य ते ग्रीस भरून घेतात, नाहीतर उतारावरही पॅडल हलकेच फिरवत राहतात. लोंबणाऱ्या केबल, सैल बाटली, फ्रेमवर आपटणारी चेन यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले की बराचसा खडखडाट जातो. ब्रेक ओले झाले की किंचाळतात. त्यावर तोडगा एकच, शेवटचा अर्धा-एक किलोमीटर आधी उतरावं आणि सायकल झाडीत ठेवून चालू लागावं.

टायर ट्यूबलेस असावेत, आत सीलंट. कारण ऐकून मराठी माणसाला गंमत वाटेल. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत सायकलवाल्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे आपला सराटा, ज्याला वैद्य गोखरू म्हणतात तो. जुन्या जगातलं हे तण तिकडे जाऊन असं माजलं, की आयडाहोतल्या बॉयझी शहरात सायकलवाले ते उपटण्याची मोहीम काढतात आणि त्याच्या नावानं उत्सवही करतात. कसंही पडलं तरी एक काटा वरच राहील अशी त्याच्या फळाची घडण आहे. ट्यूबच्या टायरला ती पुरून उरते. सीलंट मात्र एवढी बारीक भोकं चालता चालता बुजवतं. हवा पंचवीस पीएसआयच्या आगेमागे ठेवावी, ओझं असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त.

हार्डटेल घ्यायची का फॅट बाइक, यापेक्षा मोठा वाद आज ई-बाइकचा आहे. शिकाऱ्यांसाठी बनवलेल्या बॅटरीच्या सायकली तीस किलोच्या पुढे जातात आणि चढ जाणवू देत नाहीत. बऱ्याच राज्यांत त्यांचे तीन वर्ग आहेत: पहिल्यात पॅडल मारलं तरच मोटर साथ देते आणि ताशी वीस मैलांना थांबते, दुसऱ्यात तेवढ्याच वेगापर्यंत थ्रॉटल चालतो, तिसऱ्यात पॅडलची साथ अठ्ठावीस मैलांपर्यंत मिळते. मात्र अमेरिकी वन खातं ई-बाइकला मोटार वाहनच मानतं. म्हणजे मोटारींना बंद असलेलं फाटक तिलाही बंद. भू-व्यवस्थापन खात्याच्या जमिनींवर स्थानिक अधिकारी ठरवतील तसं. वन खात्याचा, मोटारींना खुल्या वाटा दाखवणारा नकाशा फुकट मिळतो. तो न पाहता बॅटरीवर चार हजार डॉलर घालणं हा शुद्ध वेडेपणा. आणि १९६४च्या वाइल्डरनेस कायद्यानं राखलेल्या रानात तर साधी सायकलही चालत नाही, कारण त्या कायद्यात मोटारींबरोबर यांत्रिक वाहतुकीच्या सर्व प्रकारांना मनाई आहे. फाटकं सायकलला खुली राहिली ती तिला मोटर नव्हती म्हणून. मोटर लपवून त्यातून घुसणारे लोक उद्या साध्या सायकलचीही वाट बंद करतील, असं मला वाटतं.

सायकल निरुपद्रवी आहे हा समजही तपासून घ्यावा. ईशान्य ओरेगनमध्ये ‘स्टार्की’ नावाचं प्रायोगिक जंगल आहे. सुमारे शंभर चौरस किलोमीटर रानाला उंच कुंपण घालून तिथे एल्कच्या हालचाली नोंदवतात. चारचाकी एटीव्ही, माउंटन बाइक, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना एल्क कसे टाळतात हे तिथे पाहिलं गेलं. सर्वांत जास्त टाळलं एटीव्हीला, पण त्याखालोखाल क्रमांक सायकलचाच होता. हौसेनं रोज त्याच रस्त्यावर खेपा घालणारा सायकलस्वार आपलीच शिकार दूर पिटाळत असतो.

अस्वलांच्या मुलखात वेग आणि शांतता हेच सायकलचे गुण धोक्याचे होतात. २०१६ मध्ये ग्लेशियर नॅशनल पार्कजवळ पुढचं फारसं दिसत नसलेल्या पायवाटेवर एका स्वाराची सायकल ग्रिझली अस्वलावर आदळली आणि अस्वलानं त्याला ठार केलं. आंधळ्या वळणाआधी वेग कमी करावा. अस्वलाला पळवणाऱ्या तिखट फवाऱ्याचा डबा सायकलला न बांधता अंगावर ठेवावा, कारण पडल्यावर सायकल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असतो. बंदुकीच्या चेंबरमध्ये स्वारी करताना गोळी नसावी, आणि जोरात पडलात तर दुर्बिणीचा नेम पुन्हा तपासल्याशिवाय प्राण्यावर बार टाकू नये.

आता त्या मांसाच्या नियमाकडे. रॉकी पर्वतातला मोठा नर एल्क तीनशे किलोच्या पुढचा असतो आणि हाडं काढून त्याचं नव्वद ते शंभर किलो मांस भरतं. फाटकापासून आठ किलोमीटर आत तो पडला आणि एका खेपेला पंचवीस किलो पाठीवर घेतलं, तर चार खेपांत एकूण छप्पन्न किलोमीटर चाल होते. सप्टेंबरच्या उन्हात तेवढ्या वेळात मांस नासायला लागतं. सायकलमागे लावायची एकचाकी ट्रॉली बत्तीस किलोपर्यंत पेलते. पाठीवर आणखी वीस घेतलं की दोन खेपा पुरतात आणि चाल चोवीस किलोमीटरवर येते. अर्थात प्राणी पडला तिथून रस्त्यापर्यंतचं ओझं खांद्यावरच, त्यातून सुटका नाही. ओझं लावल्यावर उतारावर थांबायला लागणारं अंतर इतकं वाढतं, की घरी पाण्याचे कॅन लादून सराव केल्याशिवाय ट्रॉली रानात नेऊ नये. तीव्र उतारावर सायकलवर न बसता तिला हातगाडीसारखं ढकलत आणण्यात कमीपणा नाही.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींसाठी एक माहिती. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला तिथला केंद्रीय कायदा एरवी बंदूक बाळगू देत नाही, पण शिकारीचा वैध परवाना हा त्याला अपवाद आहे. परवान्याआधी बहुतेक राज्यांत शिकारीचं प्रशिक्षण लागतं. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे.

राहिला व्यायाम. तो पुण्यात, कोल्हापुरात किंवा डेन्व्हरला सारखाच. आठवड्यातून दोन दिवस, गप्पा मारता येतील एवढ्याच दमानं तास-दीड तास सायकल चालवावी आणि एक दिवस घाट किंवा लांब चढ पुन्हा पुन्हा चढावा. हृदय आणि फुप्फुसं त्यानं तयार होतात. त्यांची गरजही पडते: तीन हजार मीटर उंचीवर हवेतल्या प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर आलेला असतो. पण सायकलचं एक वैगुण्य तिचे भक्त कबूल करत नाहीत. पॅडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतार उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, आणि हे दुसरं काम सायकल जवळजवळ शिकवतच नाही. हाडांवरही ती फारसा भार टाकत नाही. म्हणून हजारो किलोमीटर सायकल मारलेला गडी ओझं घेऊन डोंगर उतरला की दुसऱ्या दिवशी जिना धरून चालतो.

त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी पाठीवर वजन घेऊन चालायला हवं. पुणेकरांना आतकरवाडीची सिंहगडाची वाट आहेच, सहाशे मीटरचा चढ. गुडघे जपणारे लोक पाण्याच्या बाटल्या भरून वर नेतात, माथ्यावर ओतून टाकतात आणि हलक्या अंगानं उतरतात. एरवी हे शहाणपणाचंच. एल्कच्या शिकाऱ्याला मात्र उलटा सराव हवा. त्यानं सुरुवातीला पाच किलो, मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवत, ओझं गडावर नेऊन तसंच खाली आणावं. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, हातात काठी.