आधी पाणी विचारा

गेल्या वर्षी मार्चमध्ये थोरल्या लेकीचा फोन आला. "अब्बा, राजस्थानला बदली झाली."

ती सौरऊर्जेच्या कंपनीत अभियंता आहे. काम फलोदी जिल्ह्यातल्या भडला इथं. २,२४५ मेगावॅट विजेचा तो सौर प्रकल्प जगातल्या मोठ्या प्रकल्पांत मोडतो. पण भडला म्हणजे वाळू, काचा आणि ऊन. तिथं बिऱ्हाड कसं करायचं? कंपनीनं मुभा दिली की आठवड्याचे चार दिवस कामावर राहा आणि कुटुंब कुठल्याही शहरात ठेवा. जावई घरूनच काम करतात. नातू पाच वर्षांचा, त्याला दम्याचा त्रास. "कुठलं शहर घेऊ?" असा तिचा प्रश्न.

कवी माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी चटकन म्हणालो, "जैसलमेर घे. नाहीतर उदयपूर." शेजारी बसलेली बायको म्हणाली, "तिला राहायला शहर हवंय, तुम्हाला कवितेला हवंय."

मग मी गप्प बसलो आणि मला माझं लातूर आठवलं. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली, आणि मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी. त्या गाडीच्या टाक्या राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यातून धुऊन आल्या होत्या. वाळवंटाच्या राज्यानं आम्हाला घागर पाठवली, असं मी तेव्हा म्हणत असे. पण गंमत बघा. लातूरला सरासरीनं वर्षाला सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला दोनशेसुद्धा धड नाही. तरी ११५६ मध्ये वसलेलं जैसलमेर अजून नांदतं आहे. तेव्हा पाऊस किती पडतो, एवढ्यावरून शहर कळत नाही. पाणी येतं कुठून आणि साठतं कुठं, हे विचारावं लागतं. मी लेकीला म्हणालो, "तापमान नंतर बघ. आधी पाणी विचार."

आता थोडा नकाशा डोळ्यांसमोर आणा. राजस्थानात अरवलीची रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरकी गेली आहे. अरबी समुद्रावरून येणारे पावसाचे वारे या रांगेला आडवे धडकत नाहीत, तिच्या कडेकडेनं निघून जातात. म्हणून पश्चिमेला थरचं वाळवंट आणि पूर्वेला बऱ्यापैकी पाऊस. जोधपूरला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, जयपूरला सहाशेच्या आसपास. एकाच राज्यात अशी दोन राज्यं आहेत.

जयपूर १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी आखून वसवलं. मोठं शहर, सगळ्या सोयी. त्याला पूर्वी रामगढच्या धरणाचं पाणी मिळे. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या वल्हवण्याच्या शर्यती त्याच तलावात झाल्या होत्या. पुढे तो तलाव कोरडा पडला. २००९ पासून जयपूरला टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणाचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून येतं. अजमेरही त्याच धरणावर. म्हणजे बनास नदीला पाऊस कमी झाला की दोन्ही शहरांचा जीव टांगणीला. कोट्याला चंबळ आहे, बारमाही नदी. पण ते राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. उदयपूरला तळी आहेत, पण भडल्याहून फार लांब.

पश्चिमेकडच्या बिकानेर, जोधपूर, जैसलमेर या तिन्ही शहरांचा प्राण एका कालव्यात आहे. पंजाबात सतलज आणि बियास जिथं मिळतात, तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून इंदिरा गांधी कालवा निघतो. १९५८ मध्ये काम सुरू झालं. कालवा सुमारे ६५० किलोमीटरचा. त्यातून जोधपूरसाठी पाणी उचलून, टप्प्याटप्प्यानं पंपांनी चढवत, कायलाना तलावात आणतात. बिकानेरचं पाणी बीछवाल आणि शोभासरच्या जलाशयांत साठतं. हिमालयाचा बर्फ वितळतो आणि वाळवंटातल्या नळाला येतो!

पण या कालव्याचीही सुटी असते. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी दुरुस्तीसाठी तो बंद ठेवतात. तिकडे त्याला 'नहरबंदी' म्हणतात. ऐन उन्हाळ्यात शहरं साठवलेल्या पाण्यावर जगतात, नळ एकदिवसाआड येतो. जवाई धरणावर जगणाऱ्या पाली शहराला तर २०२२ मध्ये जोधपूरहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूरकराला हे सांगायला नको.

उन्हाचं काय, असं तुम्ही विचाराल. याच फलोदीत १९ मे २०१६ ला पारा ५१ अंशांवर गेला होता. पण उन्हाचा प्रश्नही फिरून पाण्यावरच येतो. तिकडची हवा कोरडी, म्हणून साधा कूलर छान चालतो. ओल्या जाळीतून वारा जातो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेतं. मुंबईच्या दमट हवेत हा कूलर निरुपयोगी. मात्र त्याला रोज कित्येक बादल्या पाणी लागतं. म्हणजे नहरबंदीत माणूस तहानेला आणि कूलरही तहानेला.

हा सगळा हिशेब करून लेकीनं जोधपूर ठरवलं. भडला तिथून सुमारे २०० किलोमीटर, आणि नातवाच्या दम्यासाठी शहरात एम्स आहे. वाळूची आंधी तिथंही येते, पण रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येईल, हा धीर मोठा. मग सुरू झाला घराचा शोध. दोन ठिकाणी सगळं पसंत पडलं. नंतर घरमालकांनी नाव विचारलं, क्षणभर थांबले, आणि पाहुणे येणार आहेत म्हणाले. लेक मला हे हसत सांगत होती. ते हसणं मला ओळखीचं आहे. पुण्यात खोली शोधताना मीही तसाच हसलो होतो.

तिसरं घर एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांनी आधी खोल्या दाखवल्याच नाहीत, अंगणातली एक लोखंडी झाकणी उचलली. खाली टांका. टांका म्हणजे जमिनीखाली बांधलेला, आतून गिलावा केलेला हौद. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीनं त्यात उतरतं. त्या मुलखात थेट पावसाच्या पाण्याला 'पालर पाणी' असा वेगळा शब्द आहे. अनुपम मिश्रांच्या 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात असे शब्द भरभरून सापडतात. खोल विहिरीचं पाणी पुष्कळ ठिकाणी खारं, म्हणून पालर पाण्याला मान. जुन्या शहरात तर उलटंच झालं आहे. कालव्याचं पाणी आल्यावर लोकांनी विहिरी-बावड्यांचा उपसा सोडला, जमिनीतलं पाणी वर चढलं आणि तळघरांतून झिरपू लागलं. तिथं घर घेताना तळघरात उतरून भिंतीला हात लावून बघावा.

तर त्या बाईंनी विचारलं, "माणसं किती?"

"तीन. मी निम्मा आठवडा नसते."

"मग पुरेल," बाई म्हणाल्या. नाव त्यांनी चावी देताना विचारलं, वहीत लिहून घ्यायला.

यंदाच्या नहरबंदीत लेकीचा फोन आला. शेजारच्या घरातला टांका आटला होता. बाईंनी झाकणी उघडून दिली आणि नातू दोरी धरून शेजाऱ्यांच्या बादल्या मोजत बसला होता. "नानाजान, आज अकरा झाल्या," त्यानं मला सांगितलं. मी विचारलं, "दमा कसा आहे?" तो म्हणाला, "बादली मी नाही उचलत, फक्त मोजतो."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)